आडीची सूट, अधिकाचं वाण

आमच्या जावयांना एक वाईट खोड आहे. घरात पाऊल टाकलं की दिसेल ती वस्तू उचलायची, उलटी करून बूड बघायचं आणि विचारायचं, "आत्या, केवढ्याला घेतलंत?" आपण किंमत सांगितली की जिभेने च्च करायचं. "फसवलं तुम्हाला." पितळेचा डबा झाला, चादर झाली, इडलीचं भांडं झालं. एकदा तर देवापुढची समई उलटी केली ह्या माणसाने, तेल माझ्या रांगोळीवर सांडलं. कॉफी पुढे ठेवली तर आधी पावडर कुठल्या दुकानातली ते विचारणार, मग पेला चाटूनपुसून रिकामा करणार, आणि मग सांगणार की तीच पावडर टी. नगरात एकावर एक फुकट आहे. मग तिकडेच जाऊन पी म्हणावं.

व्यासराज नाव. माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा. आम्हा तंजावरकडच्या लोकांत भावाच्या घरी मुलगी द्यायची रीत आहे, म्हणून माझी थोरली जयंती त्याला दिली. ज्या पोराला मी कडेवर घेऊन तंजावरच्या बाजारात फिरवलं, त्याला लग्न लागल्या दिवसापासून "अहो जावईबापू" म्हणायला लागले. शोळिंगनल्लूरला काचेचं मोठं ऑफिस आहे, तिथे कॉम्प्युटरवर काम करतो. पगार भरपूर. वेळचेरीला तिसऱ्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट. त्या फ्लॅटमध्ये पाय ठेवायला जागा नाही, कारण सूट होती म्हणून घेतलेली साबणाची खोकी पलंगाखाली आणि सूट होती म्हणून घेतलेले पंखे पलंगावर.

माझ्याकडे आला की कात्री मागतो. कालचा पेपर पुढे ओढतो आणि कुपनं कापत बसतो. मी फारशी शिकलेली नाही, तिसरीत शाळा सुटली. पेपर मला वाचायला लागत नाही, पण फळीवर अंथरायला अख्खा लागतो. ह्याने भोकं पाडलेल्या कागदातून माझी मोहरी खाली सांडते.

एवढं सगळं मी गिळलं. जावई आहे, चालायचंच. पण हेमलताच्या बाबतीत त्याने जे केलं ते गिळणारी बाई मी नाही.

हेमलता माझी धाकटी. लहानपणी पोलिओने डावा पाय गेला. तिला बघायला आलेल्या बायका तिच्या तोंडाकडे न बघता चालीकडे बघायच्या, तेव्हा मीच त्यांना जिना दाखवला. लग्न राहिलं ते राहिलं. पण तिची बोटं कॉम्प्युटरवर पावसासारखी पडतात. ट्रिप्लिकेनला सुब्बाचा छापखाना आहे, तिथे ती लग्नपत्रिका जुळवायची. तमिळ, इंग्रजी, आपल्या लोकांसाठी मराठी, तिन्ही तिला येतात. रोज बसमध्ये चढताना उतरताना तिचे हाल व्हायचे, कंडक्टर शिटी मारून मोकळा.

सुब्बा जिभेचा कडू, पण मनाचा वाईट नाही. तो म्हणाला, "हेमाम्मा, घरी मशीन घे. काम मी घरी पाठवतो. पण आवणी महिना लागला की लग्नंच लग्नं. त्याच्या आत मशीन चालू पाहिजे. नाही जमलं तर मी दुसरी बाई बघतो, मग माझ्यावर रागवायचं नाही."

हेमलताने साठवलेले पैसे होते. कमी पडले तिथे मी माझ्या पाटल्या मोडल्या. हातात काचेच्या बांगड्या राहिल्या तर काय, वाजतात तरी.

ही दोन हजार चारची गोष्ट. त्या वर्षी तमिळ लोकांचा आडी महिना आणि आपला अधिक महिना एक-दोन दिवसांच्या फरकाने बरोबरच लागले. आडीत हे लोक लग्न करत नाहीत, नवीन काही आणत नाहीत, म्हणून दुकानदार रस्त्यावर येऊन "आडी तळ्ळुपडी, आडी तळ्ळुपडी" ओरडतात. तळ्ळुपडी म्हणजे सूट. आणि अधिकात आपण जावयाला जेवायला बोलावून तेहतीस अनारशांचं वाण देतो. म्हणजे सगळ्या गावात सूट आणि माझ्या डोक्यावर जावई.

व्यासराजला कॉम्प्युटरचं कळल्याबरोबर तो धावत आला.

"आत्या, तुम्ही कुठेही जाऊ नका. मी रिची स्ट्रीटच्या कॉम्प्युटर बाजारातून आणतो. तिथे मला सगळे ओळखतात. आडीची सूट वेगळी, वर कंपनीचं कॅशबॅक वेगळं."

"ते काय असतं?"

त्याने मांडी ठोकून समजावलं. खोक्यावर काळ्या रेघांची एक पट्टी असते. ती कापायची, कुपनाला चिकटवायची, बिलाची झेरॉक्स जोडायची आणि कंपनीला टपालाने पाठवायची. मग कंपनी थोडे पैसे चेकने परत पाठवते.

मी म्हटलं, "परतच द्यायचे तर आधी घेतात कशाला?"

तो असा हसला, जणू आयुष्यभर ह्याच प्रश्नाची वाट बघत होता. "कारण निम्मे लोक पाठवायला विसरतात, आत्या! विसरणाऱ्यांच्या जिवावर कंपनी चालते. मी विसरत नाही."

पैसे त्याच्या हातात दिले. त्याने एक कागद पुढे केला. "इथे सही करा. गॅरंटीचा आहे." माझ्या रेशन कार्डाची झेरॉक्सही घेतली. मी चष्मा लावला, जीभ दातात धरली आणि सही केली. भावाचा मुलगा आहे, वाचून कोण बघतं?

चार दिवसांनी ऑटोतून जे उतरलं ते बघून हेमलताचं तोंड पडलं. पाठीमागे पोट सुटलेला मोठा टीव्हीसारखा पडदा, अंगावर पिवळट डाग, आणि कीबोर्डच्या फटींत कुणीतरी खाल्लेल्या मुरुक्कूचा, इथल्या चकलीचा, चुरा.

"हा जुना आहे, भावजी," ती म्हणाली.

"सेकंड-हँड आहे. पण माल अस्सल! तुमच्या पैशात नवीन येत नाही, हेमा. मी भांडून भांडून एवढा मिळवला."

"बिल?"

"सेकंड-हँडला कसलं बिल?"

आम्ही तो ठेवून घेतला. त्याच्या घरचा कॉम्प्युटर कसा दिसतो ते आम्हाला काय माहीत? हेमलताला आमचा एक मजला चढतानाच दम लागतो, तिसरा कुठून चढणार? मी चढले होते, पण त्यावर जयंतीने कशिदा काढलेलं झाकण होतं. कशिदा बघितला, कौतुक केलं, घरी आले.

त्या डब्याने माझ्या मुलीला रडवलं. पडदा थरथरायचा. तिचे डोळे लाल व्हायचे, कपाळाला ओली पट्टी ठेवून ती काम करायची. मध्येच सगळं निळं पडायचं आणि जुळवलेली पत्रिका नाहीशी व्हायची. एकदा नवऱ्यामुलाच्या आजोबांपासून मामांपर्यंत सगळा गोतावळा बसवून झाला होता, मुहूर्त तेवढा घालायचा होता, आणि सगळं गेलं. हेमलताने टेबलावर डोकं ठेवलं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. तिचं रडणं मला ऐकू येऊ नये म्हणून ती पंखा मोठा करायची.

सुब्बा स्वतः येऊन बघून गेला. जिना चढून धापा टाकत म्हणाला, "ह्या मशीनवर आवणी निघणार नाही, हेमाम्मा. अजून थोडे दिवस थांबतो. पुढे मला माफ कर."

व्यासराजला फोन केला तर म्हणाला, "वापरायची सवय नाही तिला. सांभाळून वापरायला सांगा."

मग एका दुपारी दारात एक माणूस उभा राहिला. चाळिशी उलटलेला, हातात हेल्मेट, खांद्याला बॅग, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

"अन्नपूर्णाबाई अम्मा कोण?"

"मी. काय विकायला आलास?"

"विकायला नाही, अम्मा. तुम्ही विकत घेतलंय ते बघायला आलो."

इळंगो नाव त्याचं. कंपनीचा माणूस. मी त्याला पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं. त्याने बॅगेतून कागद काढले आणि हेमलताकडे दिले. ती वाचायला लागली आणि तिचा आवाज वाक्यावाक्याला बारीक होत गेला. नवीन कॉम्प्युटर. नवीन पातळ पडदा, भिंतीवरच्या फोटोएवढा चपटा. सगळं ह्याच महिन्यात घेतलेलं. बिल अन्नपूर्णाबाईंच्या नावाने. पत्ता ह्या घराचा. कुपनावर सही माझी, जीभ दातात धरून केलेली. फोन नंबर तेवढा व्यासराजचा.

"हाच नंबर वेळचेरीच्या एका कुपनावर पण आहे, अम्मा," इळंगो म्हणाला. "प्रिंटरचं कुपन. आमचा नियम आहे, एका घराला एकच. म्हणून साहेबांनी बघून यायला सांगितलं. सामान खरंच इथे आहे ना? नसेल तर दोन्ही कुपनं रद्द, आणि त्या नंबरला पुन्हा काही मिळणार नाही."

त्याने टेबलाकडे पाहिलं. टेबलावर तो पोट सुटलेला पडदा बसला होता, थरथरत.

 हेमलताने कागद नीट जुळवून त्याला परत दिले. 

मला काय झालं म्हणून सांगू!  पाटल्या मी सोनाराच्या तराजूत ठेवल्या तेव्हा डोळ्याला पाणी आलं नव्हतं. पण माझ्या पैशाने स्वतःसाठी नवीन घ्यायचा, स्वतःची अडगळ माझ्या अधू लेकीच्या गळ्यात मारायची, आणि वर त्या खरेदीवरचं कॅशबॅकही माझ्याच नावाने उकळायचं! उष्टं खायला घालून दक्षिणा मागणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

तोंड उघडलं असतं तर शिव्यांशिवाय काही निघालं नसतं. म्हणून आधी एक पेला पाणी मीही प्यायले.

"सामान जावयांकडे आहे," मी इळंगोला म्हटलं. "ते बसवून देणार आहेत. तू द्वादशीला दुपारी ये. जेवायलाच ये."

"ड्यूटीवर असताना जेवत नाही, अम्मा."

"अनारसे करणार आहे."

"म्हणजे काय?"

"ये, मग कळेल."

तो गेल्यावर हेमलता म्हणाली, "आई, भावजींना काही बोलू नकोस. अक्काचे हाल होतील."

"मी कुठे बोलतेय? मी तर जेवायला बोलावतेय."

"तुझा हा आवाज मला माहीत आहे, आई."

"माहीत आहे ना? मग तांदूळ निवड."

तांदूळ भिजत घातले. रोज पाणी बदलायचं, तीन दिवस. पाणी बदलताना मी एकेक वाक्य मनात घोळवत होते आणि टाकून देत होते. भांडण केलं तर तो जयंतीवर डाफरेल. भाऊ मध्ये पडेल. चार नातेवाईक म्हणतील, जाऊ दे, जावई आहे. नाही. त्याला मी ओरडायची सोय ठेवणार नव्हते. त्याने आपल्या हाताने आणून द्यायला पाहिजे होतं, आणि हात जोडून.

संध्याकाळी फोन केला.

"जावईबापू, कंपनीचा माणूस येऊन गेला."



"कुठल्या कंपनीचा?"

"मला काय कळतंय? माझ्या नावावर नवीन कॉम्प्युटर आहे म्हणाला. पातळ पडद्याचा. मी म्हटलं, जावयांना विचारते."

"आत्या, ते... ते नुसतं नाव घातलंय. कागदापुरतं. ऑफिसचं सामान आहे ते."

"असेल बाई. तो म्हणत होता, ह्या घरात सामान दिसलं नाही तर चेक रद्द. वेळचेरीच्या प्रिंटरचा पण रद्द. आणि तुमच्या नंबरला पुढे काही मिळायचं नाही."

"प्रिंटरचा पण?" त्याचा आवाज असा फाटला, जसं कुणी त्याचा कान कापायला निघालंय. "अजून यायचाय तो चेक! हेमा काही बोलली का त्याच्यापुढे?"

"ती काय बोलणार? ती पडद्याशी झटापट करत होती."

 मी रिसीव्हर कानाला धरून शेंगा सोलत होते.

"आत्या, एक करू. मी माझा सेट घेऊन येतो. तासभर तुमच्याकडे मांडतो. तो बघून गेला की परत नेतो. हेमाचा सेट तेवढा वेळ आतल्या खोलीत ठेवू."

"तासभर?"

"तासभरच."

"बघा, तुमची मर्जी. मग द्वादशीलाच या, वाणही घेऊन टाका. दोनदा ऑटोचं भाडं कशाला?"

"हे बरं सुचलं तुम्हाला!" तो खूश झाला. माझं त्याने आयुष्यात पहिल्यांदा कौतुक केलं.

द्वादशीला सकाळी ऑटो गल्लीत शिरली. आत जयंती पूजेची पिशवी घेऊन, शेजारी व्यासराज खोकी मांडीवर धरून, देवाची पालखी सांभाळावी तसा. सगळी मूळ खोकी त्याने जपून ठेवली होती. प्रत्येक खोक्याला एका बाजूला चौकोनी भोक. रेघांच्या पट्ट्या तेवढ्या कापून गेलेल्या.

जयंती मला आत येऊन म्हणाली, "आई, ऑफिसने दिलेलं सामान इकडे कशाला आणलं गं? विचारलं तर अंगावर आले."

"ऑफिसने दिलं म्हणाले तुला?"

"बोनस म्हणून. का?"

"काही नाही. नारळ खवून दे."

व्यासराजने हेमलताच्या टेबलावरचं जुनं धूड स्वतः उचललं, कण्हत कुंथत आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. नवीन सेट मांडला. वायरी जोडल्या, धूळ फुंकली, उपरण्याच्या टोकाने पडदा पुसला. बटण दाबलं. पडदा उजळला तो असा शांत, जसं विहिरीतलं पाणी. हेमलता पुढे सरकून बसली आणि सुब्बाची राहिलेली पत्रिका उघडून जुळवायला लागली.

"हेमा, नुसतं दाखवायला आहे. फायली टाकू नकोस त्यात."

"एकच पत्रिका, भावजी. चालू दिसला पाहिजे ना त्या माणसाला?"

"हां, ते बरोबर. चालू दे, चालू दे."

दुपारी इळंगो आला. सामानाच्या पाठीमागे वाकून नंबर बघितले, कागदाशी ताडले. "अम्मा, हा सेट तुमचा?"

"माझा."

"ह्याच घरात वापरता?"

"ही वापरते, बघतोस ना. ह्याच घरात राहणार."

"साक्षीला कुणीतरी सही करा."

व्यासराज पुढे झाला. खिशातून स्वतःचं पेन काढलं. कागदावर लिहिलं होतं की सामान अन्नपूर्णाबाईंच्या मालकीचं असून त्यांच्याच घरी वापरात आहे. हेमलताने ते मोठ्याने वाचून दाखवलं. व्यासराजने खाली झोकात सही ठोकली आणि इळंगोला विचारलं, "सार, प्रिंटरचा चेक कधी निघेल?"

"दोन्ही निघतील, सार. ह्या सेटचा अम्मांच्या नावाने इथे येईल."

"हो, हो, अम्मांच्याच." माझ्याकडे बघून त्याने डोळा मिचकावला. आम्ही दोघं एका कटातले असल्यासारखा.

दोघांना शेजारी शेजारी केळीची पानं मांडली. पुरणपोळी, वांगीभात, काकडीची कोशिंबीर, पातळ आमटी, रसम. इळंगो खाली मान घालून जेवला, दोनदा आमटी मागून घेतली. मी तूप वाढताना व्यासराजने विचारलंच, "आत्या, तूप केवढ्याला?" मी सांगितलं. "फसवलं तुम्हाला," तो म्हणाला, आणि अजून वाढा म्हणून पान पुढे सरकवलं.

पानं काढल्यावर मी पाट मांडला, त्याचे पाय धुतले, गंध-अक्षता लावल्या. जयंतीने समई लावली. इळंगो निघत होता, त्याला मी बसवून घेतलं. "आमची रीत बघून जा."

काशाच्या ताटात तेहतीस अनारसे, वर खण. शेजारी दुसऱ्या पाटावर एक मोठं काहीतरी, नव्या धोतराने झाकलेलं. वर तुळशीचं पान. त्या झाकलेल्या ढिगाकडे बघून व्यासराजचे डोळे चमकले.

"आत्या, एवढं मोठं? ह्या वर्षी काय विशेष?"

"अधिक काही दरवर्षी येत नाही. जावईबापू, मनापासून घेताय ना? वाण एकदा घेतलं की परत देता येत नाही."

"आत्या," तो म्हणाला, "मिळालेली वस्तू मी कधी परत केली आहे का?"

"नाही, ते खरं."

त्याने उपरणं पसरलं. मी पळीने पाणी सोडलं. त्याने हात जोडून दोन्ही वाणांना नमस्कार केला आणि मोठ्या ढिगावरचं धोतर ओढलं.

खाली त्याचा जुना पडदा. पिवळट डागांसकट. त्याच्यावर तो कीबोर्ड, मुरुक्कूच्या चुऱ्यासकट. बाजूला कॉम्प्युटरचा टिनाचा डबा. मी हळदकुंकू लावायला विसरले नव्हते.

"अय्यो," इळंगो म्हणाला. "जुना मॉनिटर देतात तुमच्यात?"

"जावयाच्या आवडीचं देतात. हा ह्यांनी कितीतरी वर्षं वापरलाय, जीव आहे त्यांचा त्याच्यावर."

इळंगोने एकदा टेबलावरच्या नव्या सेटकडे बघितलं, एकदा पाटावरच्या जुन्याकडे, एकदा व्यासराजच्या तोंडाकडे. माणूस मूर्ख नव्हता. त्याने मी बांधून दिलेली अनारशांची पुडी उचलली, मला वाकून नमस्कार केला आणि काही न विचारता जिना उतरला. व्यासराज त्याच्यापुढे तोंड कसं उघडणार? काय बोलणार? की सामान माझं आहे, सही खोटी आहे?

मोटारसायकलचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला तेव्हा त्याला वाचा फुटली.

"थट्टा पुरे, आत्या. मला सेट काढून न्यायचाय."

"कुठला?"

"कुठला म्हणजे? हा!"

"हा अन्नपूर्णाबाईंचा आहे. बिल त्यांचं, कुपन त्यांचं, चेक त्यांना येणार. साक्षीदारही चांगला शिकलेला मिळालाय."

"तुम्ही मला फसवलंत!"

"केवढ्याला?"

तो जयंतीकडे वळला. "तू सांग तुझ्या आईला. सांग, हा माझ्या..."

"तुमच्या ऑफिसने दिला म्हणाला होतात," जयंती म्हणाली. तिच्या हातात निरांजन होतं. तिने ते खाली ठेवलं. "हेमाच्या पैशाचा आहे हा?"

"मी तिला पैसे देणारच होतो. चेक आले की त्यातून..."

"आईच्या पाटल्या त्यात आहेत?"

 हेमलता टेबलापाशीच बसली होती, पाठ आमच्याकडे. तिची बोटं चाललेली होती. त्या घरात तेव्हा तेवढाच आवाज होता.

जयंतीने पदर खोचला. जुन्या पडद्याच्या एका बाजूला जाऊन उभी राहिली. "तुम्ही पुढून धरा, मी मागून धरते. ऑटोवाल्याला बोलवा."

"जयंती!"

"वाण आहे ते. इथे टाकून जाता येत नाही."

दोघं तो बोजा घेऊन जिना उतरले. प्रत्येक पायरीला त्याचं उपरणं पायात यायचं आणि तो थांबायचा. खालच्या मजल्यावरची बिऱ्हाडं दारात आली. कुणीतरी विचारलं, "काय सार, नवीन घेतला?" त्याने मान हलवली. कशी हलवली ते मला वरून दिसलं नाही.

ऑटोत पडदा बसवून झाल्यावर तो गल्लीत उभा राहिला आणि मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मी पुन्हा ह्या घरात पाऊल टाकणार नाही! सांगून ठेवतो!"

मी गॅलरीत आले. कठड्याला दोन्ही हात टेकले. जावईबापू म्हणणं आता माझंही संपलं होतं.

"ऐक व्यासा. टाक, नको टाकूस, तुझी खुशी. जयंती हवं तेव्हा येईल आणि हवे तेवढे दिवस राहील, तिला विचारायला तू फोन करायचा नाहीस. तू चोरी केलीस त्याचं मला एवढं वाटत नाही, जगात चोर पुष्कळ आहेत. पण धड जिनाही चढू न शकणाऱ्या मुलीच्या हातचं काम काढून घ्यायला तुला रात्री भिंत फोडावी लागली नाही. माझ्या घरी बसून, माझी कॉफी पिऊन, माझ्याकडून सही घेऊन तू ते केलंस, आणि का, तर सूट होती म्हणून. आता सगळ्या गल्लीसमोर सांगते. तू हलका आहेस. तुझ्या बापाला मी हेच सांगणार आहे आणि तो विचारेल तेव्हा तू नाही म्हणू शकणार नाहीस, कारण त्या कागदावर सही तुझ्या हातची आहे. जा आता. उन्हात उभा राहू नकोस, माझी मुलगी ऑटोत बसलीय."